अमेरिका वाढत गेली तसं गुलामगिरीचं भांडण का वाढलं?

निशा_वाचते
वर्ल्ड हिस्टरी करतेय आणि एक गोष्ट डोक्यात शिरत नाहीये. उत्तरेत गुलामगिरी हळूहळू बंद, दक्षिणेत चालू, असं असूनही देश 70-80 वर्षं चालला ना? मग नवीन जमीन मिळाल्यावरच एवढं काय बिघडलं, उलट सगळ्यांनाच जास्त मिळायला हवं होतं. आणि 1861 चं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध 'स्टेट्स राइट्स'साठी (म्हणजे राज्यांच्या स्वतःच्या हक्कांसाठी) झालं असं एका व्हिडिओत सांगत होते, ते खरं का?

मधला_बाक
जमिनीपेक्षा सिनेटकडे (संसदेचं वरचं सभागृह) बघ. उत्तरेची लोकसंख्या भराभर वाढत होती, त्यामुळे खालच्या सभागृहात दक्षिण मागे पडत चाललेली (जागा वाटताना 5 गुलामांमागे 3 माणसं मोजायची सवलत असूनही, आणि त्या गुलामांना मत नाहीच!). सिनेटमध्ये मात्र राज्य लहान असो की मोठं, 2 जागा. 1819 ला 11 गुलामीवाली आणि 11 मुक्त राज्यं अशी बरोबरी होती, त्यात मिझुरी आलं की तोल जाणार, म्हणून 1820 मध्ये मेनला मुक्त राज्य करून सोबत घेतलं आणि 1803 ला नेपोलियनकडून घेतलेल्या लुईझियानाच्या उरलेल्या जमिनीवर 36 अंश 30 मिनिटांची रेघ मारली, वर गुलामी नाही. पुढे आर्कान्सा-मिशिगन, फ्लोरिडा-आयोवा अशी राज्यं जोडीनेच आत घेतली.
ही रेघ मेक्सिकोकडून घेतलेल्या जमिनीला लागू नव्हती, तिथेच गाडी अडली. मेक्सिकोने गुलामगिरी 1829 लाच बंद केलेली, म्हणजे जिथे ती नव्हती तिथे अमेरिका ती परत नेणार का हा प्रश्न. 1846 मध्ये विल्मट नावाच्या उत्तरेतल्या खासदाराने ठराव आणला की या जमिनीत गुलामी नको, तो खालच्या सभागृहात पास, सिनेटमध्ये पडला, आणि मतं पक्षाप्रमाणे नाही तर उत्तर-दक्षिण अशी पडली. मला विचारशील तर खरी फूट इथेच दिसते.

जुना_कापूसवाला
पण उत्तर-दक्षिणेला जोडून ठेवणारी पण एक गोष्ट होती हे विसरू नका राव. गुलामांकडून पिकवलेला कापूस. 1830 च्या कायद्याने चेरोकी, चॉक्टॉ, क्रीक या मूळनिवासी लोकांना हाकलून अलाबामा-मिसिसिपीच्या जमिनी मोकळ्या केल्या, बाहेरून गुलाम आणायला 1808 पासून बंदी, मग व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांतून माणसं विकून तिकडे पाठवली, जवळपास 10 लाख, घरंच्या घरं तुटली. आणि त्या कापसावर न्यूयॉर्कच्या बँका कर्ज देणार, उत्तरेतल्या लोवेल गावच्या गिरण्या कापड विणणार. 1860 ला निम्म्याहून जास्त निर्यात कापसाचीच होती, त्यामुळे उत्तरेतल्या शेठ लोकांना हा विषय निघायलाच नको होता. युद्धात तो कापूस अडकला तेव्हा आपल्या मुंबईत भाव कुठल्या कुठे गेले आणि 1865 ला सगळं कोसळलं, तो वेगळा धागा होईल.

मधला_बाक
+1. आणि उत्तरेत सगळे दयाळू होते असंही नाही हं. बऱ्याच जणांना नवीन जमीन गोऱ्या शेतकऱ्यांसाठी हवी होती. ओरेगॉनने 1857 च्या घटनेत गुलामीला बंदी घातली आणि नवीन काळ्या लोकांना राहायलाही बंदी घातली.

तिरकस_पाटील
स्टेट्स राइट्सवाल्यांना एकच विचारायचं, कुठल्या राज्याचे राइट्स? 1850 चा पळालेल्या गुलामांचा कायदा बघा, उत्तरेतल्या मॅसॅच्युसेट्सला मान्य नसलं तरी फेडरल (केंद्र सरकारचे) अधिकारी तिथे येऊन माणूस पकडून नेणार, आणि हा कायदा दक्षिणेनेच मागून घेतलेला. 1854 ला सिनेटर डग्लसने ती 1820 ची जुनी रेघच पुसली, कॅन्सासमधल्या लोकांनी मत देऊन ठरवा म्हणे, मग दोन्हीकडून माणसं घुसली, बोगस मतदान, खूनखराबा. 1857 ला ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की या अजून राज्य न झालेल्या प्रदेशांत काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) गुलामी बंद करताच येत नाही. मग तडजोड करायला उरलं काय?

निशा_वाचते
ओके, सिनेटचं आता क्लिक झालं. पण लिंकन तर म्हणत होता जिथे आहे तिथली गुलामी काढणार नाही, तरी 1860 ला तो निवडून आल्यावर दक्षिणेतले का फुटले?

तिरकस_पाटील
कारण पसरू देणार नाही हे पण म्हणत होता ना. नवीन गुलामीवाली राज्यं बंद म्हणजे सिनेट कायमचं हातातून गेलं. वर तो दक्षिणेच्या एकाही इलेक्टोरल मताशिवाय (राष्ट्राध्यक्ष निवडताना प्रत्येक राज्याच्या वाट्याला येणारी मतं) निवडून आला, डीप साउथमध्ये (अगदी दक्षिणेकडची कापसाची राज्यं) तर त्याच्या नावाच्या मतपत्रिकाही नव्हत्या. साउथ कॅरोलिना डिसेंबरातच बाहेर पडलं. नंतर फुटलेल्या राज्यांनी मिळून स्वतःची घटना केली त्यात काय लिहिलं बघ, पुढे जी नवी जमीन मिळेल तिथे गुलामगिरीला संरक्षण द्यायचंच.