उघडलेल्या सोड्याच्या बाटलीतला गॅस टिकवणारे टोपण कसे करावे?

सरबतवाला, निपाणी

नमस्कार. निपाणीत बसस्थानकाजवळ माझे सरबताचे छोटे दुकान आहे. लिंबू-सोड्यासाठी मी साध्या सोड्याच्या दोन लिटरच्या बाटल्या वापरतो. एका ग्लासाला थोडाच सोडा लागत असल्यामुळे प्रत्येक बाटली दिवसभरात दहा-बारा वेळा उघडली जाते, आणि शेवटचा पाऊण लिटर सोडा ओतून द्यावा लागतो. हे मला मनापासून खटकते. म्हणून मी नायलॉनचे टोपण कातून घेतले, आत सिलिकॉनचा वॉशर बसवला आणि मधोमध सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह लावला. रात्री पंपाने हवा भरल्यावर बाटली दगडासारखी टणक झाली आणि सकाळीही ती तितकीच टणक होती. तरीही ग्लासात ओतताच फेस दोन बोटे वर आला आणि लगेच बसला. टोपण गळत नाही, तर मग गॅस कुठे जातो? त्यात काय बदल करावा, ते जाणकारांनी कृपया सांगावे.

टर्नर, उद्यमबाग (बेळगाव)

दादा, तुमच्या टोपणात दोष नाही, दोष त्याच्या खालच्या रिकाम्या जागेत आहे. पाण्यात कार्बन डायऑक्साइड किती विरघळून राहील हे बाटलीतल्या एकूण दाबावर ठरत नाही. त्या दाबात या वायूचा स्वतःचा वाटा किती, यावर ते ठरते. यालाच हेन्रीचा नियम म्हणतात. तुम्ही पंपाने भरलेल्या हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के असतो. त्यामुळे बाटली टणक लागते, पण सोड्यातला गॅस बाहेर पडायचा तो पडतोच.

बाटली निम्मी झाली की एक लिटर सोडा आणि त्यावर एक लिटर रिकामी जागा उरते. २५ अंश तापमानाला ठेवली, तर टोपण कितीही घट्ट असले तरी उरलेल्या गॅसपैकी निम्म्याहून थोडा अधिक गॅस त्या जागेत येऊन बसतो, आणि पुढच्या वेळी टोपण फिरवताच तो फुस्सकन निघून जातो. बाटली दाबून, चेपून बंद करण्याचा उपायही उलटाच पडतो, कारण चेपलेली बाटली गॅसने पुन्हा फुगते आणि ती जागा भरायला सोड्यातलाच गॅस खर्च होतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की नुसते बंद करणारे टोपण कंपनीच्या मूळ टोपणापेक्षा फारसे चांगले होणार नाही. तुम्हाला न उघडता ओतणारे टोपण हवे, म्हणजेच जुन्या सोडा सायफनची रचना. टोपणातून बाटलीच्या तळापर्यंत नळी सोडावी आणि वर खटक्याचा वॉल्व्ह ठेवावा. खटका दाबला की आतल्या गॅसच्याच जोराने सोडा नळीतून वर येतो आणि गॅस बाटलीत राहतो. भरलेल्या बाटलीत रिकामी जागा अगदी थोडी असते, त्यामुळे मूळ टोपण काढून हे बसवताना फारसे नुकसान होत नाही.

एका गोष्टीत मात्र तडजोड करू नका. उन्हात कोमट झालेल्या भरल्या बाटलीत सुमारे ४ बार दाब असतो, म्हणजे टोपणावर आतून साधारण १५ किलोचा जोर येतो. नुसते दाबून बसवलेले बूच डोळ्यावर उडेल. टोपण आट्यांचेच हवे, आणि त्या आट्यांना उभ्या खाचा हव्यात, म्हणजे आटे पूर्ण सुटण्याआधी दाब निघून जाईल. बाटलीच्या मानेचा व्यास २८ मिलिमीटर असला तरी जुनी उंच मान आणि नवी आखूड मान यांचे आटे वेगवेगळे असतात, तेव्हा माप घेताना तुमच्याकडच्या बाटल्या समोर ठेवा.

गोटीसोडा, खानापूर

उद्यमबागच्या भावांनी सांगितले ते योग्यच आहे. मी अनेक वर्षे गोटी सोडा भरला आहे, त्या अनुभवातून एक भर घालतो. १८७२ साली हायरम कॉड यांनी त्या बाटलीचे पेटंट घेतले. तिची खुबी अशी की आतला गॅसच गोटीला गळ्यातल्या रबरी कड्यावर दाबून धरतो. जितका दाब जास्त, तितके तोंड घट्ट बंद होते. तुमचा खटक्याचा वॉल्व्हही असाच लावा, म्हणजे आतला दाब त्याला उघडायला न जाता बंदच ठेवील आणि स्प्रिंग हलकी चालेल. शिवाय बाटली बर्फाच्या पेटीतच ठेवा. एका वातावरणाच्या दाबाखाली ० अंशाला एक लिटर पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो, तर २५ अंशाला जेमतेम दीड. एप्रिल-मे महिन्यांत हा फरक तुम्हाला पहिल्याच दिवशी जाणवेल.

सरबतवाला, निपाणी

काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. नवे टोपण होईपर्यंत मूळ टोपणच वापरून बाटली बर्फात ठेवली, तर कालचा शेवटचा ग्लासही बऱ्यापैकी चरचरला. आता नळीचे टोपण करायला देतो आहे. सायकलचा तोच पितळी वॉल्व्ह कापून खटक्यासाठी वापरला तर चालेल का?

टर्नर, उद्यमबाग (बेळगाव)

अजिबात नको. सोडा आम्लधर्मी असतो आणि पितळेतले तांबे त्यात उतरते. गिऱ्हाइकांना त्याने मळमळ, उलट्या होऊ शकतात. सोड्याला लागणारा प्रत्येक भाग खाद्यपदार्थांना चालणाऱ्या प्लास्टिकचा किंवा स्टेनलेस स्टीलचा ठेवा, आणि वॉशर त्याच दर्जाच्या नायट्राइल रबराचा घ्या, कारण सिलिकॉनमधून हा वायू त्याहून सहज झिरपतो. टोपण तयार झाले की भरलेली बाटली पाण्याच्या बादलीत बुडवून, पंक्चर काढताना पाहतो तसे बुडबुडे पाहा. नंतर ती पुसून ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर रात्री आणि सकाळी तोलून पाहा. जेवढे वजन घटले, तेवढा गॅस टोपणातून गेला असे समजा.