स्कूटर असताना घरात मोटरसायकल हवीच का?

मुलुंडचा_चेतकवाला

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव झाला : पुढच्या महिन्यापासून एका घराला दुचाकीची एकच जागा. माझ्याकडे दोन आहेत. बाबांची १९८६ची बजाज चेतक, आणि मी नोकरीला लागल्यावर जुनी घेतलेली येझदी रोडकिंग. सभेत एका सभासदांनी विचारलं, "रोज तर स्कूटरच नेता, मग ती फटफटी कशाला अडवून ठेवलीय?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. तेच इथे मांडतोय.

माझं मत असं की जमत असेल तर स्कूटरवाल्याने एक मोटरसायकल ठेवावीच. हौस आहेच, पण नुसती हौस नाही. चेतकचं इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला. गाडी जरा उजवीकडे ओढते, आणि आपण नकळत कमरेने तिला सावरतो. बाबांनी मला हेच पहिलं शिकवलं. वर दहा इंची चाकं. त्यामुळे स्कूटरवाला जवळचं बघतो : पुढच्या दहा फुटांतला खड्डा, गटाराचं झाकण, सांडलेली वाळू. मुंबईत हीच नजर लागते.

येझदीवर मात्र टाकी गुडघ्यांत धरून बसलो की नजर आपोआप लांब जाते. अठरा इंची चाक, खाली एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि किक मारायची तोच दांडा गियरचा. किक मारून तो पुढे वळवायचा आणि पहिला टाकायचा. पहाटे पाचला ऐरोली पूल ओलांडून पनवेल, खोपोली, आणि बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबायचं. घाटात वळणाच्या शेवटाकडे बघत गाडी कशी झुकवायची हे मला येझदीने शिकवलं. त्यानंतर चेतकही मी वेगळी चालवू लागलो.

बाबांनी चेतक बुक केली होती तेव्हा नंबर लागायला वर्षं जायची. त्यांच्या दृष्टीने दुचाकी म्हणजे घरातलं माणूस. दोन माणसांतलं एक बाहेर काढा असं कुणी सांगितलं तर काय करायचं?

बोरिवलीचा_सेक्रेटरी

तुमच्या भावना पोचल्या, पण मी सभेतल्या त्या सभासदाच्या बाजूने आहे. बारा वर्षं सोसायटीचं काम करतोय. आमच्याकडे बत्तीस घरं आणि दुचाकींच्या चोवीस जागा. त्यातल्या सहा जागांवर कव्हर घातलेल्या गाड्या आहेत, पावसाळा पावसाळा हलत नाहीत. आणि तिसऱ्या मजल्यावरची नर्सताई रात्री साडेअकराला ड्यूटी संपवून येते आणि स्कूटर रस्त्यावर लावते. दोनदा तिची गाडी टो झाली. सकाळी सहाला पुन्हा ड्यूटी, आणि ही बाई रिक्षाने दंड भरायला चाललेली. तिला मी काय सांगू? की पहिल्या मजल्यावरच्यांना घाटात नजर लांब ठेवायला शिकायचंय?

आणि मुंबईत मोटरसायकल पळवणार कुठे? दुचाकीला सी लिंक बंद, ईस्टर्न फ्रीवे बंद, कोस्टल रोड बंद, अटल सेतू बंद. पुण्याचा द्रुतगती मार्गही बंदच. उरतो सिग्नल ते सिग्नलचा रस्ता, आणि तिथे स्कूटरच बरी.

एलएमएल_एनव्ही

जागेचं मला माहीत नाही, पण मोटरसायकल 'शिकवते' हे पटलं नाही. मी एकोणीस वर्षं एकाच स्कूटरवर गणपतीला राजापूरला जातोय. पुढे फुटबोर्डवर मखराचं सामान, मागे बायको, डिकीत डबे. जुन्या कशेडी घाटात एका वर्षी एकटाच परतताना भर पावसात मागचं चाक बसलं. गाडी कलती केली, नट काढले, स्टेपनी चढवली, पंधरा मिनिटांत पुढे. पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना तीच स्टेपनी चालते. बाजूला एक मोटरसायकलवाला ट्यूब हातात घेऊन पंक्चरवाला शोधत होता. त्याला मी पोलादपूरपर्यंत मागे बसवून नेलं.

स्कूटरला दुय्यम मानायची आपल्याला सवय लागलीय. कामाला स्कूटर, प्रेमाला मोटरसायकल. का? घाटात वळणाच्या शेवटाकडे स्कूटरवरूनही बघता येतं. ते चालवणाऱ्याच्या मानेवर आहे, चाकाच्या इंचांवर नाही.

मुलुंडचा_चेतकवाला

एनव्हीदादा, स्टेपनीचं शंभर टक्के मान्य. पण चाकाचे इंच नाकारू नका. त्याच खड्ड्यात दहा इंची चाक जितकं आत जातं तितकं अठरा इंची जात नाही, ही साधी भूमिती आहे. मागच्या जुलैत घोडबंदर रोडला पाण्याखालचा खड्डा दिसला नाही आणि चेतकचं हँडल हातातून निसटता निसटता राहिलं. येझदी तिथून हादरा देऊन निघून गेली असती.

आणि स्कूटरला मी दुय्यम म्हटलेलंच नाही. दोन्हींवर प्रेम आहे, म्हणून तर अडचण आहे.

लालबागची_बुलेटवाली

मला तुमच्या दोघांच्याही वादात एक गोष्ट दिसत नाहीये, म्हणून लिहिते.

आमच्या घरी अॅक्टिव्हा आहे. ती सगळ्यांची. सकाळी आई दादरला फुलं आणायला नेते, दहाला वहिनी मुलाला शाळेत सोडते, संध्याकाळी भाऊ. माझी पाळी आली की टाकी रिझर्व्हला आलेली असते. गियर नाही, साडी असो की सलवार, कुणीही बसावं आणि निघावं. स्कूटरचा मोठेपणा तोच आहे, आणि तो मी मनापासून मानते. बायकांना या शहरात एकट्याने फिरायची मोकळीक स्कूटरने दिली.

पण त्यामुळेच ती कधी माझी होत नाही. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या पगारातून क्लासिक ३५० घेतली. माझं लायसन्स विनागियरचं होतं, म्हणून पुन्हा शिकून, पुन्हा टेस्ट देऊन गियरचं काढलं. १९५ किलोची गाडी. पहिल्या आठवड्यात चिंचपोकळीच्या पुलाखाली ती माझ्या हातून आडवी झाली, दोन माणसं धावली, आणि एक काका म्हणाले, "पोरी, तुला स्कूटी बरी." त्या रात्री मी गल्लीत तासभर ती स्टँडवरून काढायची आणि लावायची प्रॅक्टिस केली. आता गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून गिरगावात चालवते. पण खरी मजा त्या दिवसाची नाही, लोक फोटो काढतात त्याची तर नाहीच. इतर रविवारी पहाटे कसाऱ्याकडे जाताना माझ्या मागे कुणी बसलेलं नसतं आणि हुकला कुणाची पिशवी अडकवलेली नसते, ती मजा.

सेक्रेटरीसाहेब, नर्सताईंची जागा आधी. त्यात वादच नाही. पण "पळवणार कुठे" हा प्रश्न आम्हाला विचारू नका. रोड टॅक्स आम्हीही भरतो, आणि नवा रस्ता झाला की पहिली पाटी दुचाकीला बंदीची लागते. या पाटीवर बोला, आमच्या गाडीवर नको.

बोरिवलीचा_सेक्रेटरी

पाटीबद्दल तुमच्याशी सहमत. सी लिंकवर वाऱ्याचं कारण मला एक वेळ समजतं, फ्रीवेवरच्या बंदीचं समजत नाही. बाकी मतावर ठाम आहे. जी गाडी चालते तिला जागा, मग ती स्कूटर असो की बुलेट. आमच्याकडे ठराव करताना मी हीच अट घालायला सांगितली होती, बहुमत झालं नाही.

कुर्ल्याचा_मेकॅनिक

सत्तावीस वर्षं टू-स्ट्रोक इंजिनं खोलतोय, तुमच्या चेतक-येझदीची असतात तीच, म्हणून बोलतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत सगळ्यात वाईट हालत रोज चालणाऱ्या गाडीची नसते. 'प्रेमाने ठेवलेल्या' गाडीची असते. पेट्रोल टाकीत पडून राहतं, त्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक भोकांत, म्हणजे जेटमध्ये, बसतो. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त, ते हवेतलं पाणी ओढतं. मुंबईची दमट हवा आणि पत्र्याची टाकी, मग आतून गंज. जुन्या गाड्यांचे रबरी सील या पेट्रोलसाठी बनवलेलेच नव्हते. क्रँकचं सील गेलं की इंजिन बाहेरची हवा खेचतं, गाडी तापते आणि पिस्टन धरतो, म्हणजे आत अडकून बसतो. गिऱ्हाईक म्हणतं, "मी तर चालवलीच नाही!" अहो, म्हणूनच.

येझदी महिन्यातून किती वेळा निघते, खरं सांगा. दोनदाच्या खाली असेल तर चालवणाऱ्याला विका. रोडकिंगचे सुटे भाग शोधत माझ्याकडे कॉलेजची मुलं येतात, बंद गाडी घेऊन स्वतः उभी करतात. त्यांच्या हातात ती जगेल.

मुलुंडचा_चेतकवाला

खरं सांगतो. पावसाळ्याचे चार महिने एकदाही नाही. एरवी महिन्यातून एकदा, क्वचित दोनदा. हे लिहिताना वाईट वाटतंय.

नर्सताईंचं वाचून मी काल खाली जाऊन बघितलं. आमच्याही गेटबाहेर रात्री चार स्कूटर उभ्या असतात. त्यातली एक मला तोंडओळख असलेल्या मुलाची, कुरियरचं काम करतो. माझी येझदी आत, कव्हरखाली. त्या सभासदाला उत्तर का देता आलं नाही ते कळलं. तेव्हा ठरावाविरुद्ध आता मी बोलणार नाही.

पण विकणारही नाही. स्कूटरवाल्याकडे मोटरसायकल असावी हे माझं मत तसंच आहे, फक्त ती दुसऱ्याच्या जागेवर नसावी.

एलएमएल_एनव्ही

मग घरी कोणती राहणार?

मुलुंडचा_चेतकवाला

चेतक. त्यात विचार करावा लागला नाही. आईला गुडघ्यामुळे मोटरसायकलवर बसता येत नाही, आणि स्टेशनवरून भाजी येझदीवर आणायची म्हणजे पिशवी गळ्यात.

येझदी पनवेलला मेव्हण्याच्या अंगणात नेतोय, वर पत्र्याची शेड आहे. ठाण्याहून लोकलने जायचं आणि तिथून गाडी काढायची. रोज दिसणार नाही, हे लागेल मनाला. पण तिथून घाट जवळ, शहरातला दीड तासाचा ट्रॅफिक वाचेल. महिन्यातून दोन रविवार ठरवून टाकलेत. पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी पुन्हा केलेलं आहे, त्याला अजून तीन वर्षं आहेत. तोवर नेमाने चालवली नाही, तर कुर्ल्याच्या दादांकडे त्या मुलांचा पत्ता मागेन.

लालबागची_बुलेटवाली

पहिला रविवार कळवा. शिंग्रोबापाशी साडेसहाला भेटू, मी दादर-पनवेल करून येते.

कुर्ल्याचा_मेकॅनिक

शेडमध्ये लावाल तेव्हा एवढं करा : पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन चालू ठेवा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडू द्या. पंधरा दिवसांच्या वर राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि गंज लागू नये म्हणून आत थोडं तेल फिरवा. आणि मेव्हण्याला सांगा, अंगण धुताना पाइप गाडीवर मारू नका.