भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण शिकण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे (सोलापूर)

नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात तपासणी विभाग सांभाळतो. विभागात काही कर्णबधिर सहकारी आहेत. सुट्या खुणा मला बऱ्यापैकी येतात, पण वाक्यापाशी गाडी अडते; म्हणून हा प्रश्न फक्त व्याकरणापुरता आहे.

जे समजले आहे ते आधी सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल. काळ वाक्याच्या सुरुवातीला सांगितला जातो आणि क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटाकडे जाते, त्यामुळे मराठी वाक्यातील शब्दांच्या खुणा ओळीने करीत गेले की झाले, असे सुरुवातीला वाटते. मात्र प्रश्नवाचक खूण आणि नकार क्रियापदाच्याही नंतर येतात, म्हणजे ‘तू कुठे राहतोस’ याचा क्रम ‘तू राहणे कुठे’ असा होतो. ‘उद्या सुट्टी आहे’ आणि ‘उद्या सुट्टी आहे का’ यांत हातांच्या खुणा त्याच राहू शकतात. प्रश्न वर गेलेल्या भुवयांवरून कळतो. इथपर्यंत सरावाने जमते.

खरी अडचण जागेच्या वापराची आहे. सहकारी एखादी हकिगत सांगताना मुकादमाला आपल्या डावीकडे आणि टेम्पोवाल्याला उजवीकडे ठरवून घेतात, आणि मग कोणाचाही उल्लेख न करता ‘देणे’ची खूण डावीकडून उजवीकडे नेतात. कोणी कोणाला दिले, हे हाताच्या दिशेवरूनच ओळखायचे असते. दोघेच असेपर्यंत मी कसाबसा टिकतो. तिसरा आला आणि सांगणाऱ्याने खांदे वळवून त्याच्याच तोंडचे बोलणे सुरू केले, की मला काही अर्थ लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत हे सारे उलगडून सांगा, असा आग्रह त्यांना करवत नाही. शिवाय मराठीत ‘ने’ कुठे आणि ‘ला’ कुठे लावायचा, याचा नियम मलाही कोणाला धड सांगता येणार नाही.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश मी वापरतो. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत आणि चित्रफिती स्पष्ट आहेत. पण शब्दकोशाकडून वाक्यरचनेची अपेक्षा करणे योग्य नव्हे. उलरिके झेशान यांचे २००० सालचे व्याकरणविषयक पुस्तक इंग्रजीत असून ते भाषाशास्त्राच्या अभ्यासकांसाठी आहे. अमेरिकन सांकेतिक भाषेच्या चित्रफिती कृपया सुचवू नयेत. ती भाषाच वेगळी आहे, तिची मुळाक्षरे एका हाताने आणि आपल्याकडील प्रामुख्याने दोन्ही हातांनी दाखवतात.

जागेचा वापर आणि दिशादर्शक क्रियापदे यांवर पायरीपायरीने सराव देणारा, मराठी किंवा हिंदीतील अभ्यासक्रम कोणी स्वतः केला आहे का? राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने माध्यमिक स्तरावर भारतीय सांकेतिक भाषा हा विषय सुरू केला आहे. त्यातील व्याकरणाचा भाग नोकरदार प्रौढाला स्वतःहून अभ्यासण्याजोगा आहे का? वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकलेल्यांचे अनुभवही वाचायला आवडतील, परंतु नोकरी सोडून मुंबईत राहणे मला शक्य नाही. त्यामुळे सोलापुरात, शक्यतो सात रस्ता किंवा जुळे सोलापूर परिसरात, रविवारी शिकवणी घेणारे कर्णबधिर शिक्षक कोणाच्या माहितीत असल्यास व्यक्तिगत निरोपातून कळवावे. योग्य ते शुल्क देण्याची माझी तयारी आहे. खुणा गावोगावी थोड्याफार बदलतात, त्यामुळे शिक्षक इथलेच असतील तर अधिक बरे.