वारा पडलेला असताना शेजारचं तणनाशक बागेत आलं कसं?

निफाडचा_बागायतदार
थॉमसन द्राक्षाची बाग, मणी बाजरीएवढे झालेत. बांधापलीकडे शेजारच्या अण्णांचा गहू. मागच्या आठवड्यात त्यांनी टू-फोर-डी तणनाशक मारलं. बागेला त्रास नको म्हणून मुद्दाम वारा पडल्यावर, संध्याकाळी. आता माझ्या बांधालगतच्या ओळींत नवी पानं अरुंद, पंख्यासारखी, कडेला टोकदार दाते. जुनी पानं ठणठणीत. दुकानदार म्हणतो व्हायरस. वारा नसताना औषध येईल कसं?

पिंपळगावचे_काका
व्हायरस असा बांधाच्या कडेनं ओळ धरून आठवड्यात येत नाही. बांधाजवळ जास्त, आत कमी असेल तर टू-फोर-डीच.

आणि वारा पडला होता म्हणूनच आलं! डिसेंबरातली निफाडची थंडी तुम्हाला मी काय सांगू. सूर्य कलला की जमीन आधी गार पडते, तिच्या लगतची हवा जड होऊन खालीच बसते, वर उबदार थर. फवाऱ्याचे अगदी बारीक थेंब या गार थरात अडकतात. लवकर खाली बसत नाहीत, वर जाऊन विरतही नाहीत. उतार असेल तिकडे हळूहळू सरकत राहतात. चुलीचा धूर वर न चढता आडवा पसरताना दिसला की त्या वेळी पंप उचलायचाच नाही. त्यापेक्षा दिवसा, बागेकडून गव्हाकडे मंद वारा असताना मारलेलं कितीतरी बरं.

डब्यावर काय लिहिलंय? टू-फोर-डी एस्टर प्रकारातलं असेल तर पिकावर बसलेलं औषधसुद्धा नंतर उन्हानं वाफ होऊन उठतं. अमाईन किंवा सोडियम सॉल्ट त्या मानानं फार कमी उडतं.

यवतमाळकर
आमच्याकडे कपाशीत दरसाल हेच. पान भेंडीच्या पानासारखं चिरते. नोझल कोणतं होतं ते विचारा. कीटकनाशकाच्या होलोकोननं (पोकळ शंकूसारखा बारीक फवारा देणारं नोझल) तणनाशक मारलं की नुसतं धुकं होते. फ्लॅट फॅन (चपट्या पट्ट्यासारखा फवारा देणारं) लावा, प्रेशर कमी ठेवा. अन् तो पंप तुमच्या बागेत आणू नका, धुतला तरी.

निफाडचा_बागायतदार
डबा पाहिला. एस्टर, ३८ टक्के. नोझल होलोकोनच. यावर उतारा काय मारू?

पिंपळगावचे_काका
उतारा नाही, दुकानदार देईल तरी घेऊ नका. पाण्याचा ताण पडू देऊ नका. पुढची पानं नीट निघतात का बघा. आजच फोटो काढा, कृषी सहायकाला बोलावून पंचनामा मागा. माल निर्यातीचा असेल तर त्या ओळींचे घड वेगळे ठेवा, रेसिड्यूच्या (मालात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या) तपासणीला नमुना जाण्याआधी निर्यातदाराच्या कानावर घाला.

निफाडचा_बागायतदार
सांगतो काका. अण्णा विचारतायत, अर्धा डबा उरलाय, हरभऱ्यात चालेल का?

यवतमाळकर
हरभरा ठेवायचा नसेल तर चालते.