आपली गाडी आपण धुताना : अनुभव

स्वतःची मोटार स्वतः धुणाऱ्यांनी आपल्या गावचे पाणी, धूळ आणि हवा लक्षात घेऊन सविस्तर अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे. गाडी धुण्याच्या सर्वसाधारण सूचना कुठेही मिळतात. मात्र देवगडची खारी हवा, चंद्रपूरची कोळशाची धूळ आणि लातूरचा उन्हाळा यांना एकच सूचना लागू पडत नाही. सुरुवात मी करतो.

पुणे

आमच्या सोसायटीत वापराचे पाणी बोअरवेलचे आहे आणि त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर आहेत. असे पाणी तापलेल्या बॉनेटवर पडले की पुसण्याआधीच वाळते आणि मागे पांढरे ठिपके राहतात. ते जुने झाले की नुसत्या पाण्याने निघत नाहीत. म्हणून ऊन चढण्याआधी, बॉनेटला हात लावून ते गार असल्याची खात्री करूनच मी कामाला लागतो. चाके आधी धुतो, कारण ब्रेकची काळी भुकटी तिथेच साचलेली असते, आणि त्यासाठीचा ब्रश व फडके वेगळे ठेवतो. त्यानंतर साध्या पाण्याने सैल धूळ उतरवून टपापासून खाली येतो. एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत फडके खळबळण्यासाठी स्वच्छ पाणी असते. रंगावरचा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. धुळीतले वाळूचे कण त्यावर घासले गेले की उन्हात गोलगोल चरे स्पष्ट दिसतात. शाम्पू कोणता, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. फडके किती वेळा खळबळले, यावर रंगाचे आयुष्य अधिक अवलंबून असते. कपड्यांची पावडर मात्र वापरू नये, कारण तिच्याने रंगावरचे वॅक्स उतरते.

देवगड

आमची गाडी आंब्याच्या कलमांच्या सावलीत उभी असते, त्यामुळे मोहोराच्या दिवसांत तुडतुडे या बारीक किड्यांचा चिकट स्राव काचांवर आणि टपावर पडतो. तो कोरडा असताना खरवडणे अगदी चुकीचे आहे. मी कोमट पाण्यात भिजवलेले फडके त्यावर थोडा वेळ पसरून ठेवते, मग तो सहज सुटतो. पक्ष्यांच्या विष्ठेलाही हाच उपाय करावा, फक्त तिच्या बाबतीत धुण्याचा दिवस उजाडण्याची वाट पाहू नये. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात रंगाला खाते.

पावसाळ्यात गाडी आपोआप धुतली जाते, या समजुतीशी मी सहमत नाही. टप स्वच्छ दिसतो हे खरे, परंतु चाकांच्या वरच्या कमानीत तांबडी माती घट्ट बसते आणि ती दिवसेंदिवस ओल धरून ठेवते. इथल्या खाऱ्या हवेत गंज लागतो तो तिथेच. म्हणून आम्ही पावसाळ्यात वरून कमी आणि खालून अधिक धुतो. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती मोकळी आहेत का हे बोटाने तपासावे. तसेच पुढच्या काचेखालच्या जाळीत अडकलेली पाने काढावीत, नाहीतर तुंबलेले पाणी आत झिरपू शकते.

लातूर

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात आम्ही राहतो, त्यामुळे नळी लावून गाडी धुणे आमच्या मनाला पटत नाही. साध्या नळीतूनही मिनिटाला दहा लिटरहून अधिक पाणी सहज वाहून जाते. माझे काम दीड-दोन बादल्यांत होते: झारीने सर्वत्र पाणी शिंपडून धूळ भिजू देतो, मायक्रोफायबरच्या फडक्याची घडी करून एकेक भाग हलक्या हाताने पुसतो आणि घडीची बाजू सतत बदलतो. पाणी वाचवण्यासाठी कोरड्या फडक्याने झटकण्याचा मार्ग काहीजण सुचवतात, पण पुण्याहून लिहिलेले चरे त्यानेच सर्वाधिक पडतात.

आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी गाडीसाठी वापरावे, असाही सल्ला दिला जातो. त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात, हे लक्षात ठेवावे. आम्ही ते चाकांसाठी आणि पायपुसण्यांसाठी वापरतो. रंगावर आणि काचांवर कधीही नाही.

बंगळूर

इथे 2024 च्या मार्चमध्ये पाणीटंचाईमुळे पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई करण्यात आली आणि 5,000 रुपयांचा दंड जाहीर झाला. तेव्हापासून आम्ही पावसाचे साठवलेले पाणी वापरतो. ते मृदू असल्यामुळे काचांवर डाग पडत नाहीत, हा अनुभव मुद्दाम नोंदवावासा वाटतो.

चंद्रपूर

कोळशाची आणि राखेची बारीक धूळ आमच्याकडे रोजच बसते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि संध्याकाळीही पत्रा गरम असतो, म्हणून पहाटेशिवाय पर्याय नाही. दवाने ओली झालेली राख हाताने पुसू नये. आधी भरपूर पाणी ओतून ती वाहू द्यावी.

श्टुटगार्ट, जर्मनी

इथे घरासमोर रस्त्यावर गाडी धुण्यास बहुतेक ठिकाणी मनाई आहे, कारण तेलाचा अंश आणि साबण जमिनीत मुरून भूजल दूषित होते. गाडी धुलाई केंद्रावर न्यावी लागते. तिथे सांडपाण्यातून तेल वेगळे करण्याची सोय असते. तरीही आपण स्वतः धुऊ शकतो, कारण नाणी टाकून फवारा मिळणाऱ्या मोकळ्या खोल्या असतात. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, त्यामुळे तापमान शून्याच्या वर गेलेला दिवस पाहून मी गाडीचा तळ धुऊन घेतो. कडाक्याच्या थंडीत धुतल्यास दारांच्या रबरात पाणी गोठते आणि दार उघडत नाही. देवगडच्या ताईंचे गंजाविषयीचे म्हणणे इथेही तंतोतंत लागू पडते.

कोल्हापूर

खंडेनवमीला किंवा दसऱ्याला आमच्या गल्लीत प्रत्येक वाहन धुतले जाते, आणि ते घरच्याच माणसांनी धुवावे असा आमचा आग्रह असतो. पूजेनंतर हळद-कुंकवाची बोटे पांढऱ्या गाडीवर रात्रभर ठेवू नयेत. झेंडूची माळ दोऱ्यात ओवलेली घ्यावी. तारेची असल्यास वाऱ्याने हलून बॉनेटवर चरे उमटतात.

आतापर्यंत कोणी न लिहिलेली एक गोष्ट सांगतो. धुतल्यानंतर ब्रेक ओले असतात, म्हणून गाडी तशीच हँडब्रेक ओढून उभी करू नये, कारण मागचे ब्रेक गंजून चिकटण्याची शक्यता असते. मोकळ्या रस्त्यावर सावकाश एक फेरी मारावी, दोन-चार वेळा ब्रेक हलकेच दाबून ते कोरडे करावेत आणि त्यानंतर सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून उभी करावी.