काँगो ताप : आधी गोठा की आधी दवाखाना?

माळकरी_गोठा : २०११ च्या जानेवारीत अहमदाबाद जिल्ह्यातल्या कोलाट गावची एक बाई काँगो तापाने, म्हणजे विषाणूमुळे येणाऱ्या आणि रक्तस्राव घडवणाऱ्या तापाने गेली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही गेले. पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान केलं. भारतात या रोगाची खात्री झाली ती तेव्हाच. तो येतो गोचिडांमुळे किंवा बाधित जनावराच्या रक्तातून, आणि जनावर स्वतः आजारी दिसत नाही. चारा खातं, दूध देतं.

माझी आई म्हशीच्या कानामागची गोचिडं नखाने उपटून दोन दगडांत चिरडते. बोटांवर रक्त उडतं, ती पदराला पुसते. मला हे बघवत नाही. सरकारने हातमोजे आणि गोचीडनाशक गोठ्यापर्यंत फुकट पोचवावं.

दूधवाला७२ : दादा, अशा पोस्टींनी आमच्या पोटावर पाय येतो. २००६ ला नवापुरात बर्ड फ्लू आला. लागण कोंबड्यांत होती, एकाही माणसात ती सिद्ध झाली नाही. तरी लोकांनी चिकन टाकलं आणि पोल्ट्रीवाले बसले. तुम्हीच सांगता तसं, डॉक्टर-नर्सना तो ताप पेशंटकडून लागला, गोठ्यातून नाही. मग पैसा तिथे लावा : मास्क, ग्लोव्हज, रक्तस्रावाच्या पेशंटसाठी वेगळी खोली.

माळकरी_गोठा : दवाखान्याचं मान्य. पण ती पहिली बाई आजार दवाखान्यातून घेऊन आली नव्हती. नंतरच्या तपासणीत तिथल्या जनावरांत प्रतिपिंडं (लागण होऊन गेल्याची रक्तातली खूण) आणि गोचिडांत विषाणू सापडला. तिच्यापर्यंत कोण पोचलं होतं?

पशुवैद्य_सांगोला : दूध उकळलं, मटण नीट शिजवलं की हा विषाणू मरतो, त्यामुळे दूधवाला७२ यांनी गिऱ्हाइकाला बिनधास्त तसं सांगावं. धोका आहे तो खाटकाला, धारा काढणाऱ्याला, आम्हाला. मात्र नुसतं औषध वाटून भागणार नाही. मादी गोचीड अंडी घालायला जनावरावरून उतरते आणि भिंतीच्या भेगांत शिरते. म्हैस फवारली आणि भेगा तशाच ठेवल्या, तर गोचिडं पुन्हा चढतातच. शिवाय औषधाचं प्रमाण चुकलं तर जनावराला विषबाधा होते, मी अशा केसेस पाहिल्यात. आधी गोठा लिंपा.

दूधवाला७२ : लिंपायला माझी ना नाही. फक्त मथळ्यात ‘जीवघेणी म्हैस’ नको.

माळकरी_गोठा : कबूल. आईला हातमोजे दिले, तर म्हणते चिमटीत काही धरताच येत नाही.

पशुवैद्य_सांगोला : सोबत चिमटा द्या. कातडीलगत धरून सरळ ओढायचं, आणि चिरडायचं नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचं.