पूमसे म्हणजे निव्वळ पाठांतर नव्हे

तायक्वांदोतील पूमसे, म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींचे संच, फक्त बेल्टच्या परीक्षेपुरते असतात, लढतीत त्यांचा उपयोग नाही, असे काहीजण म्हणतात; हे मत मला पटत नाही. तेगुक इल जांग या पहिल्या पूमसेमध्ये अवघ्या 18 हालचाली आहेत. आरंभीच डावीकडे वळून खालचा वार अडवायचा आणि पुढचे पाऊल टाकत ठोसा द्यायचा, एवढ्या साध्या क्रमातूनच वळताना तोल कसा सांभाळावा हे अंगात मुरते.

वळण नीट न जमल्याचा फटका मी स्वतः अनुभवला. दोल्यो चागी, म्हणजे वळून बाजूने मारायची किक, मारताना माझा आधाराचा पाय जमिनीला चिकटून राही, टाच लक्ष्याकडे वळतच नसे, आणि त्यामुळे गुडघा आतल्या बाजूने दुखू लागला होता. सरांनी महिनाभर किक बंद ठेवून, भिंतीला हात टेकवून, माझ्याकडून केवळ वळणे घोटून घेतली, तेव्हा कुठे ते दुखणे थांबले.